आत जाणारं फूल

१

आमच्या घरात बाबांच्या पावलांना घाबरणारे तीन जीव होते. आई, मी आणि टाकीतली सूनबाई.

सूनबाई म्हणजे नळीत राहणारं समुद्रफूल. दिसायला फूल, पण आहे तो प्राणी. वाळूत उभ्या पुरलेल्या नळीत त्याचं लांबडं अंग असतं आणि वर पाण्यात तोंडाभोवती दोन कडी. बाहेरच्या कड्यात लांब, जांभळट बोटं, आतल्या कड्यात आखूड, फिकट बोटं. शास्त्रात त्यांना दुसरा काही शब्द असेल. आई बोटं म्हणायची, म्हणून मीही बोटंच म्हणते. पाण्याच्या झुळकीवर ती दिवसभर हलत राहतात, कुणी झोपेत हिशेब करावा तशी.

टाकी बाबांची. दिवाणखान्याची अख्खी भिंत तिनं खाल्लेली. आधी त्यात प्रवाळ होते, मासेही होते. पण सूनबाईच्या बोटांना डंख असतो, शेजारी येईल त्याला ती भाजते. एकेक करत बाकीचे संपले आणि एवढ्या मोठ्या काचेत ही एकटी उरली. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. "टिकते ती चांगली," एवढंच म्हणाले.

बाबा काचेच्या कारखान्यात तपासनीस होते. दिवसभर बाटल्या उजेडासमोर धरायच्या आणि खोट शोधायची, हे काम. घरी आले की आम्हाला उजेडासमोर धरायचे. मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा ते ओरडलेसुद्धा नाहीत. माझ्याकडे बघून "फुटकी" म्हणाले आणि जेवायला बसले. कारखान्यात फुटकी बाटली परत भट्टीत टाकतात. घरात ती सोय नव्हती, म्हणून मी राहिले.

ते टाचा आपटत चालायचे. चप्पल नाही, बूट नाही, अनवाणी टाच फरशीवर. पहिल्या टाचेलाच कळायचं. आई रेडिओ बारीक करायची, मी माझ्या खोलीत, आणि सूनबाई टप्! डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी बोटं नळीत. वर नुसतं करडं, ओलं तोंड. गंमत म्हणजे दुसऱ्या कुणाला ती घाबरायची नाही. आई जवळ गेली तर उलट आणखी फुलायची. बाबांना त्याचा अभिमान. पाहुण्यांना सांगायचे, "बघा, मालकाला ओळखते."

आई माझ्या कानात म्हणायची, "सूनबाई आहे ती. सासऱ्याची चाहूल लागली की आत."

आईनं त्या घरात केलेला हा एकच विनोद. तोही कुजबुजत.

२

बाबा गेले ते कामावरच. हातात बाटली होती. ती फुटली नाही म्हणे, आधी खाली ठेवली आणि मग पडले. काकांनी याचं फार कौतुक केलं. "शेवटपर्यंत कर्तव्य!" मला विचाराल तर माणसानं मरताना तरी एखादी बाटली फोडायला हवी.

टाकी आईकडे आली. मला वाटलं होतं ती कंटाळेल. पण ती टाकीचं सगळं असं करायला लागली की जणू बाबा मागे उभे राहून बघताहेत. पाण्याचा खारेपणा रोज मोजायचा. वाफ होऊन पाणी कमी होतं, मीठ कमी होत नाही, म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं घातलंत तर मारलंत. "माणसं उडून जातात, मीठ तेवढंच राहतं," आई भर घालताना एकदा म्हणाली. मी हसले. ती नाही हसली.

दुपारी खाऊ घालायचं. फ्रीजमधली कोळंबी बाहेर काढून तिचा गारठा जाऊ द्यायचा, नखाएवढे तुकडे करायचे, पंप बंद करायचा म्हणजे तुकडा वाहून जात नाही. मग लांब चिमट्यानं तो बोटांवर अलगद टेकवायचा. लांब बोटं धरतात, आखूड बोटांकडे देतात, आखूड बोटं तोंडात सारतात. आई ते बघताना तोंड किंचित उघडायची, लहान मुलाला भरवताना बायका उघडतात तसं.

माझं ठरलं होतं. दुसऱ्या शहरात एका कुरिअरच्या गोदामात मला काम मिळत होतं. राहायला खोली बघून आले होते. आईला घेऊन जायचं. या घरातून तिला बाहेर काढायचं, एवढं एक काम आयुष्यात धड करायचं, बाकी मी नापास तर नापास.

"खिडकी आहे का गं खोलीला?" आईनं विचारलं होतं.

"मोठी आहे. रस्त्यावर."

"रस्त्यावर?" तिचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं असतं. "म्हणजे माणसं दिसतील येता-जाता."

त्याच दिवशी तिनं बॅग भरून दाराशी ठेवली. बॅग लहानच. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं स्वतःचं असं तेवढंच निघालं.

"हिचं काय करायचं?" तिनं टाकीकडे बघत विचारलं.

"टाकीवाला नेईल. मी बोलते त्याच्याशी."

आईनं काचेला तळवा लावला. सूनबाईनं तिच्याकडे बोटं पसरली होती.

३

दुपार होती. पंप बंद, त्यामुळे त्याची घरघर थांबलेली. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. आई चिमटा घेऊन टाकीवर वाकलेली. मी खाली मांडी घालून बसले होते, झाकणावर साचलेलं मीठ खरवडत.

सूनबाई टप्पकन आत गेली.

कोळंबीचा तुकडा तसाच तरंगत राहिला. मी वर बघितलं तेव्हा आईचा हात रेडिओवर होता आणि आवाज बारीक झालेला. ती दाराकडे बघत होती.

"आज लवकर," आई म्हणाली.

"कोण?"

"अं?"

"कोण लवकर?"

"कुठे काय." तिनं रेडिओ पुन्हा मोठा केला. "चिमटा लागला असेल हिला."

मी कॉलेज सोडलं, डोकं तिथे ठेवून आले नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि बाबांवर तर जिवंतपणीही नव्हता. मी स्वतःला समजावलं. खाली कुणीतरी दार आपटलं असेल. चिमटा काचेला लागला असेल. आई वर्षानुवर्षं हेच करत आली, फूल आत गेलं की रेडिओ बारीक. शरीराला सवय लागते, माणूस गेला तरी सवय थोडीच जाते?

सगळं पटलं. एकच गोष्ट अडली. आधी काय झालं? फूल आधी आत गेलं की आईचा हात आधी रेडिओवर गेला? कारण मला आठवत होतं त्याप्रमाणे आवाज बारीक झाला म्हणून तर मी वर बघितलं होतं.

नंतर हे रोजचं झालं. मी पंप बंद ठेवून बघितला, चालू ठेवून बघितला. फरशीवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून बसले, म्हणजे हादरा आला तर पाणी हलेल. पाणी हललं नाही. सूनबाई आत गेली. स्वयंपाकघरात आईनं गॅस बारीक केल्याचं मला ऐकू आलं.

४

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. बाबा असताना दर थोड्या दिवसांनी तक्रार घेऊन यायच्या आणि बाबांनी दार उघडलं की "सहज आले होते" म्हणून परत जायच्या.

"राग मानू नकोस हं," काकू म्हणाल्या, "पण तुझे बाबा गेल्यावर जरा बरं वाटलं होतं. म्हणजे वाईट झालं ते झालंच. पण शांत झोप लागायची गं. आता पुन्हा तेच, तेही भर दुपारी."

"काय तेच?"

"टाचा! दारापासून हॉलमधून मागच्या खोलीपर्यंत. आणि परत. काय गस्त घालता की काय?"

"काकू, आम्ही दोघीच असतो. आई चालली तर मांजरालासुद्धा कळत नाही."

"मग तूच." त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "चाल बापाचीच आहे तुझी. लहानपणी घरभर धावायचीस तेव्हापासून म्हणतेय मी. मुलीच्या जातीला—"

"काकू, मुलीच्या जातीला दोन टाचा असतात. इतरांना किती असतात?"

"तोंडही त्याचंच," काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

वर आले. जिना चढताना पहिल्यांदाच माझं माझ्या पायांकडे लक्ष गेलं. पण दुपारी तर मी टाकीसमोर बसलेली असते, मांडी घालून.

५

आई दुपारची मागच्या खोलीत पडायला लागली.

मागची खोली म्हणजे अडगळ. जुन्या गाद्या, खोकी, बाबांचे कपडे. खिडकी आहे, पण कपाट तिच्यासमोर ओढून ठेवलेलं. "तिथे आवाज येत नाही," आई म्हणाली. कसला आवाज, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण विचारून ती "कुठे काय" म्हणाली असती, आणि मग मी चिडले असते.

आधी ती तासाभरानं यायची. मग चहापर्यंत. मग चहा मी दारात नेऊन द्यायला लागले. आतून चादरी फाडल्याचा आवाज यायचा. चर्र. थांबून पुन्हा चर्र.

"काय करतेस गं?"

"उशा भरते. इतक्या चिंध्या पडल्यात."

बाहेर यायची तेव्हा तिच्या हातांना करडी लव चिकटलेली असायची. ती टाकीची भर घालायची, खाऊ घालायची, आणि पुन्हा आत. दार पुरतं उघडायचं नाही, मागे काहीतरी मऊ असायचं.

काका आले ते याच दिवसांत. बाबांच्या खुर्चीत बसले. काकांचा जन्मच दुसऱ्यांच्या खुर्चीत बसायला झालाय.

"ऐकतो ते खरं का? आईला घेऊन चाललीस म्हणे?"

"खरं आहे."

"विचारलंस कुणाला?"

"आईला."

"तिला काय कळतंय? ती आयुष्यात घराबाहेर राहिलीय का? आणि तू तिला ठेवणार कुठे, खोक्यांच्या गोदामात?"

"तुम्ही न्या मग तुमच्याकडे."

काका टाकीकडे बघायला लागले. मोठ्या माणसांचं हे बरं असतं, प्रश्न अवघड आला की त्यांना निसर्ग दिसायला लागतो.

"वहिनी कुठे आहेत?"

"आई! काका आलेत!"

 मी तिला बोलवायला उठले, हॉल ओलांडून बोळातून मागच्या दारापर्यंत गेले. दार ठोठावलं. आत काहीतरी हललं, घासत, वरून खाली.

"जरा पडते," आईचा आवाज आला. खूप खालून आल्यासारखा.

मी परत आले तेव्हा काका हसत होते. "डोळे मिटून ऐकलं ना, तर वाटतं दादाच चालतोय."

टाकीत सूनबाई दिसत नव्हती. नुसतं करडं तोंड. मी म्हटलं, काकांमुळे गेली असेल.

६

टाकीवाला चांगला माणूस. शहरातल्या निम्म्या टाक्यांची देखभाल तोच करतो, आणि घराच्या मालकांपेक्षा त्यांच्या माशांची चौकशी आधी करतो. त्यानं टाकीच्या बाजूला बसून वाळूचा थर न्याहाळला. बाबांनी नळीसाठी प्लास्टिकचा पाइप पुरला होता. काचेतून दिसायचा. आता पाइप दिसत नव्हता. त्याच्याभोवती, खाली, आडवं, काचेला चिकटून करडं, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं काहीतरी पसरलं होतं.

"बापरे," तो म्हणाला. "विणलंय किती!"

"हे सगळं तिनं केलं?"

"नळी तीच विणते ना. अंगातून चिकट धागे सोडते, त्यात वाळू, कचरा, मिळेल ते गुंफते. भीती वाटली की जास्त विणते. कुणी त्रास देतंय का हिला?"

"घरात आहे कोण त्रास द्यायला?"

"मग तब्येत छान आहे म्हणायची." त्यानं हात पुसले. "रविवारी मोठी बादली घेऊन येतो. एक लक्षात ठेवा ताई, माझ्याआधी कुणी हात घालायचा नाही. हिला उपटायची नसते. नळीसकट, वाळूसकट, हळूहळू सोडवायची."

"आणि उपटली तर?"

हे आईनं विचारलं. ती कधी बाहेर आली ते आम्हाला कळलंच नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी होती. केस मोकळे, करडी लव खांद्यापर्यंत.

"उपटली तर उघडी पडते, मावशी. लगेच नाही मरत. अंगात ताकद असेल तर असेल तिथे नवी विणायला घेते."

"असेल तिथे," आई म्हणाली.

"कसं असतं, तिला घर लागत नाही. आत जायला जागा लागते."

आईनं मान हलवली, एखाद्या डॉक्टरनं आपल्याला कळलेलंच सांगावं तशी.

मी तिला म्हटलं, "आई, रविवारी ही गेली की सोमवारी आपण. ठरलं ना?"

"हो."

"खिडकी मोठी आहे."

"हो गं," ती म्हणाली आणि पाठीमागे बघितलं. दाराकडे नाही, मागच्या खोलीकडे.

७

रविवारी सकाळी बॅग उचलून बघितली. हलकी लागली. उघडली. रिकामी.

"आई!"

"जरा पडते."

"बाहेर ये आधी! बॅगेतले कपडे कुठे आहेत?"

आतून चर्र.

माझं डोकं फिरलं. ती या घराला घाबरून घरातच जास्त जास्त आत चालली होती, आणि मी ताटं नेऊन देत होते. मी दार बडवलं. "रोज जरा पडतेस! किती पडशील? त्या माणसानं आयुष्यभर तुला कोंबून ठेवलं, आता तो मेलाय, मेलाय तो! आता कुणाला घाबरतेस? बाहेर ये म्हटलं ना!"

आतलं फाडणं थांबलं. सगळंच थांबलं.

मी वळले आणि हॉलमधून टाकीकडे चालत निघाले. माझ्या टाचा मला ऐकू आल्या. आणि समोर, काचेत, सूनबाई टप्पकन आत गेली.

मी उभी राहिले. या वेळी काका नव्हते, चिमटा नव्हता, खाली दार वाजलं नव्हतं. मी वाट बघितली. हळूहळू जांभळट टोकं बाहेर आली. मी चवड्यांवर एक पाऊल टाकलं. टोकं थरथरली, पण राहिली. मग मी टाच टेकवली.

टप्.

इतका राग मला कशाचाच आला नव्हता. मी बाही वर केली नाही, काही नाही. खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, वाळूत बोटं खुपसली, ते मऊ तोंड मुठीत धरलं आणि ओढलं.

ते आलं. फाटल्यासारखं सुटत, ओलं, जड, नमद्याची सालटी एकावर एक. मी ओढत राहिले आणि ते येत राहिलं. वाळूचा थर हातभरही नाही. बाहेर माझ्या पायाशी ढीग झाला तरी ते येतच होतं, जणू टाकीला बूड नव्हतं. शेवटचं टोक निसटलं तेव्हा मी मागे पडले.

ढिगात मी प्राणी शोधला. बोटं शोधली. नमद्यात लांब केस गुंफलेले होते, अर्धे पांढरे. आईचे. ती रोज टाकीवर वाकते, केस पडणारच. निळी लवही होती, बाबांच्या सदऱ्यांची. आईच्या हाताला असते, हातावरून पाण्यात गेली असेल. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. फक्त प्राणी सापडत नव्हता.

टाकीवाला आला, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "सांगितलं होतं ना ताई!" पण मग तो गुडघ्यांवर बसला आणि ती नळी एका टोकापासून दाबत गेला, आतडं साफ करावं तसं. दुसऱ्या टोकाशी पोचून थांबला.

"आत कुणी नाही."

"वाळूत बघा."

त्यानं वाळू चाळणीतून काढली. पंप उघडला. कोच सरकवून बघितला.

"तुम्ही शेवटची केव्हा बघितलीत तिला?"

"आत्ता. हात घालायच्या आधी."

तो नम्रपणे हसला. "नळी ताजी आहे. पण ती केव्हाच निघून गेली असणार. रिकाम्या नळीचं तोंडही पाण्यानं उघडतं-मिटतं कधी कधी. आपल्याला वाटतं आहे म्हणून." मग आजूबाजूला बघत म्हणाला, "मावशी कुठे आहेत?"

"पडल्यात."

"सांभाळा त्यांना," तो म्हणाला. रिकामी बादली घेऊन गेला. जाताना जिन्यात तो जवळजवळ धावत होता असं मला वाटलं, पण त्याला दुसरीकडेही जायचं असेल.

८

टाकीपासून मागच्या खोलीपर्यंत फरशी ओली होती. मीच सांडलं असेल पाणी. कडांना ते वाळायला लागलं होतं आणि मीठ दिसत होतं, बारीक पांढरं, एका सरळ पट्ट्यात.

मी त्या पट्ट्याच्या बाजूनं चालत गेले. टाचा उचलायचं तेव्हा सुचलं नाही.

दाराशी पोचायच्या आधीच आतून आवाज आला. आईचाच, पण माझ्याशी बोलतानाचा नाही. मी लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकलेला, सगळ्या कडा घासून गुळगुळीत केलेला आवाज.

"अहो, आलात? ठेवते हं चहा."

"आई, मी आहे."

"लगेच ठेवते."

"आई, मी! मी आहे!" माझा आवाज त्या बोळात केवढा मोठा झाला.



मी दार ढकललं. मऊ लागलं, मागे सरलं, चेहऱ्याएवढी फट पडली. समुद्राचा वास आला, आणि डांबराच्या गोळ्यांचा. माझ्या पाठीमागून हॉलच्या खिडकीतलं सकाळचं ऊन त्या फटीतून आत पडलं.

खोलीला कोपरे उरले नव्हते. चादरी, सदरे, साड्या, सगळ्याच्या चिंध्या एकमेकींत दाबून, ओल्या करून, गोल गोल लावत नेलेल्या, खालून वरपर्यंत, करड्या. कपाट त्याच्या आत गेलं होतं. खिडकीही. मधोमध एक तोंड होतं आणि त्या तोंडाशी बोटं होती.

आईची बोटं मला ओळखू येतात. करंगळीला विळीनं कापल्याची जुनी खूण आहे. ती खूण मी बघितली. उन्हाकडे तळवे करून ती बोटं अलगद हलत होती. पण ती दोनच हातांची नव्हती. आणि आतल्या बाजूला आणखी होती, आखूड, फिकट. ती कुणाची ते मला माहीत नाही.

मला वाईट नाही वाटलं, भीतीही नाही. एक क्षणभर मला फक्त एवढंच वाटलं की किती छान फुललीय ही. कधी नव्हे ती.

मी एक पाऊल पुढे टाकलं.

९

गोदामातून फोन आले, मग यायचे थांबले. काकांचा मात्र येतो.

"वहिनी कशा आहेत?"

"आत आहेत."

"जेवतात ना?"

"जेवतात."

"मग झालं तर," काका म्हणतात. त्यांना एवढंच हवं असतं.

जेवते ती. ताट मी दाराच्या फटीशी ठेवते, सगळ्याचे नखाएवढे तुकडे करून. तांब्याभर गोडं पाणी. रेडिओ काढून टाकलाय, उजेड कमी ठेवते. अंग धरायला लागलीय असं वाटतं, म्हणजे ताट रिकामं व्हायला लागलंय. टाकीतलं पाणी मी अजून काढलं नाही. वाळूत नुसतं भोक आहे.

कुलूपवाल्याला, डॉक्टरला, कुणाला तरी बोलवावं असं रोज ठरवते. दार तोडायचं, तिला ओढून बाहेर काढायचं. मग माझ्या मुठीत ते ओलं तोंड आठवतं आणि पायाशी पडलेला रिकामा ढीग. उपटायचं नसतं. हे मला एकदा सांगून झालेलं आहे.

म्हणून मी चालायला शिकते आहे. चवड्यांवर, भिंतीला धरून, टाच फरशीला लागू न देता. पोटऱ्या भरून येतात. खालच्या काकूंना विचारलं, आता तरी आवाज येत नाही ना? त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. "येत नाही? अगं, आता तर थांबतच नाही."

काल दुपारी ताट घेऊन मी अशीच गेले. श्वाससुद्धा धरून. फटीत दोन बोटं होती, लांब, बाहेर आलेली. करंगळीवर खूण. मी खाली बसले, कोळंबीचा तुकडा उचलला आणि अलगद त्यांच्यावर टेकवला. बोटांनी तो धरला. माझं बोटही धरलं. डंख बसला, खोलवर, पण मी सोडवून घेतलं नाही. आईनं माझा हात धरून किती वर्षं झाली होती.

"आई," मी कुजबुजले. "खिडकी अजून आहे. आपण जाऊ या."

तिनं सोडलं नाही. बोटं किंचित घट्ट झाली. मला वाटलं, ती येतेय.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, हॉलमध्ये, दारापाशी टाच वाजली. मग दुसरी.

मी खाली बसलेली होते. मांडी घालून.

बोटं टप्पकन आत गेली. दार ओढलं गेलं, मऊ, घट्ट. टाचा बोळात शिरल्या.

आईला आत जायला जागा होती. मला नव्हती.